सत्तरीनंतरची गाडी आणि तिचा विमा: मला ठेच लागल्यावर कळलेल्या गोष्टी

आमच्या सोसायटीच्या गेटचा डावा खांब पंधरा वर्षं त्याच जागी उभा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये एका संध्याकाळी गाडी आत घेताना तो मला लागला. (नातू म्हणतो, "आजोबा, खांब नाही लागला, तुम्ही लागलात.") बंपर फाटला, फॉगलॅम्प गेला, डावा फेंडर चेपला. वर्कशॉपने १८,४०० रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवलं. मी निवांत होतो. पॉलिसी चालू होती, हप्ता वेळेवर भरलेला होता, सात वर्षांत एकही क्लेम नव्हता. विमा कंपनीचा सर्वेयर (नुकसान तपासणारा) आला, फोटो काढले, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) पाहिली आणि लायसन्स मागितलं. कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे जूनमध्येच संपलंय."

क्लेम नामंजूर झाला. कंपनीशी भांडायला जागाच नव्हती, पॉलिसीत तसं स्पष्ट छापलेलं होतं. मी तेव्हा ७१ वर्षांचा होतो. आपल्या वयाच्या माणसाला विमा महाग पडत असणार, एवढीच काळजी मी तोवर करत आलो होतो. प्रत्यक्षात वयामुळे हप्ता काही वाढलेला नव्हता. वय आडवं आलं ते लायसन्सच्या तारखेत.

त्यानंतर पॉलिसीची सगळी पानं भिंग घेऊन वाचली, ज्येष्ठ नागरिक संघातल्या दोघातिघांच्या पॉलिस्याही चाळल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने देतो. साठीच्या पुढे स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी हे आहेच, पण आईबाबांच्या गाडीचा विमा जी मुलं फोनवरून उरकतात त्यांच्यासाठी जास्त आहे.

१. पॉलिसी राहू द्या, आधी लायसन्स काढा

पाकिटातलं कार्ड बाहेर काढा आणि वैधतेची तारीख वाचा. वयाच्या ५५ नंतर काढलेलं किंवा रिन्यू केलेलं लायसन्स फक्त पाच वर्षं चालतं. ५० ते ५५ च्या दरम्यान काढलेलं असेल तर साठाव्या वर्षापर्यंतच. तरुणपणी "एकदा काढलं की वीस वर्षं बघायला नको" अशी सवय लागलेली असते, तीच नंतर गळ्याशी येते.

पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस सवलत मिळायची. २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आता संपलं म्हणजे त्याच दिवशी संपलं. रिन्यूअलसाठी मुदतीआधी एक वर्षापासून ते मुदतीनंतर एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो. वर्ष उलटलं तर पुन्हा ड्रायव्हिंगची परीक्षा द्यावी लागते, मग तुमची गाडी चालवण्यात पन्नास वर्षं का गेलेली असेनात.

इथे एक फसगत हमखास होते. मुदतीनंतर वर्षाच्या आत अर्ज केला की लायसन्स मिळतं, पण ते रिन्यू झालेल्या तारखेपासून. मधले दिवस भरून निघत नाहीत. मीही सर्वेयरला म्हणालो होतो, "उद्याच रिन्यू करून आणतो." त्याने मान हलवली. अपघाताच्या दिवशी लायसन्स जिवंत होतं का, एवढाच त्याचा प्रश्न होता.

माझा तरी खांब होता. समोर माणूस असता तर? लायसन्स संपलेलं असताना कोणी जखमी झालं किंवा दगावलं, तर मोटार अपघात न्यायाधिकरण बहुतेक वेळा विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि मग ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून हीच वाट रुळली आहे. म्हणजे जखमी माणसाला पैसे मिळतात, आणि नोटीस तुमच्या फ्लॅटवर येते.

रिन्यूअलला काय लागतं: परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज, फॉर्म १ (तब्येतीबद्दल स्वतःचं जाहीरपत्र), फॉर्म १-अ (डॉक्टरांचं प्रमाणपत्र, चाळिशीनंतर सक्तीचं), जुनं लायसन्स, पत्त्याचा पुरावा. फॉर्म १ वर लोक डोळे मिटून सही करतात. त्यात एक प्रश्न आहे: चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का? चष्मा चालतो. मी पार्किंगमध्ये २५ मीटर मोजले, माझी अडतीस पावलं भरली. उजवा डोळा झाकून शेजाऱ्यांच्या गाडीचा नंबर वाचायला गेलो तर ३ आणि ८ मधला फरकच कळेना. मोतीबिंदू निघाला. आधी ऑपरेशन, मग लायसन्स, असं करत नोव्हेंबर उजाडला. त्या तीन महिन्यांत मी पीएमपीच्या बसने फिरलो आणि भाजी घरपोच मागवली. त्या खांबाचं खरं कारण कदाचित हाच डावा डोळा असेल, असं आता वाटतं.

२. हप्ता कशाचा बनतो ते समजून घ्या

पॉलिसीच्या पानावर दोन मुख्य रकाने असतात.

पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. हा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. १ जून २०२२ पासूनचे खासगी गाडीचे वार्षिक दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये, त्याच्या वर ७,८९७ रुपये. चालवणारा पंचविशीतला असो की पंचाहत्तरीतला, आकडा तोच. माझी मुलगी परदेशात असते. तिथल्या हिशोबाने ती विचारायची, "बाबा, तुमच्या वयामुळे किती वाढवला?" आपल्याकडे थर्ड पार्टीत वयाचा रकानाच नाही. तेव्हा एखादा एजंट "ज्येष्ठांसाठी थर्ड पार्टीचा दर वेगळा आहे" म्हणाला, तर चहा पाजून वाटेला लावा.

दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान. याचा दर कंपनीगणिक बदलतो, म्हणून तीन ठिकाणी विचारायचं ते याच्यासाठी. गाडीची किंमत, वय, इंजिन आणि नोंदणी कुठली यावर तो ठरत आला आहे. पुणे-मुंबईची नोंदणी 'अ' झोनमध्ये येते, साताऱ्याची 'ब' मध्ये. त्यामुळे माझ्या साताऱ्याच्या मेहुण्याला त्याच गाडीसाठी थोडं कमी लागतं. तो हे प्रत्येक दिवाळीत सांगतो.

दोन्हींच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विमा आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी गेला, त्यामुळे गाडीच्या विम्यावरचाही गेला असं संघात बरेच जण धरून बसले आहेत. तो गेलेला नाही.

माझं बिल उघड करतो, म्हणजे अंदाज येईल. सात वर्षांची १२०० सीसी पेट्रोल गाडी. थर्ड पार्टी ३,४१६. ओन डॅमेज ६,०००, त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सवलत) जाऊन ३,०००. मालक-चालक अपघात कव्हर ३५०. पगारी ड्रायव्हरची जबाबदारी ५०. गाडीत बसणाऱ्या पाच जणांचं अपघात कव्हर ५००. बेरीज ७,३१६, जीएसटी धरून साधारण ८,६३३ रुपये.

३. "जुनी गाडी आहे, नुसती थर्ड पार्टी बस झाली" म्हणण्याआधी शेजारच्या सीटकडे बघा

आमच्या वयात हा सल्ला फार मिळतो. गाडीची किंमत दीड लाख उरली, महिन्यातून चार वेळा बाहेर निघते, कशाला हवा फुल विमा? गाडीच्या पत्र्यापुरता विचार केला तर सल्ला बरोबरही असेल.

पण नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तुमच्याच गाडीत शेजारी बसलेली तुमची बायको ही 'थर्ड पार्टी' नसते. तुमच्या चुकीने गाडी दुभाजकावर गेली आणि तिला इजा झाली, तर त्या पॉलिसीतून तिच्यासाठी भरपाई मिळत नाही. चूक दुसऱ्या गाडीची असेल तर त्या गाडीच्या विम्यावर दावा करता येतो, ते वेगळं. पॅकेज पॉलिसी, जिला आपण फुल इन्शुरन्स किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतो, तिच्यात गाडीतल्या माणसांबद्दलची जबाबदारी येते.

हे वाचलं त्या दिवशी मी आमच्या हिला दाखवलं. ती म्हणाली, "चाळीस वर्षं शेजारी बसतेय आणि मी कुणीच नाही?" आमची चर्चा तिथेच संपली आणि पॅकेज पॉलिसी कायम राहिली.

वर जे ५०० रुपये दाखवले ते याखेरीजचे. नाव न घालता गाडीतल्या प्रत्येक सीटमागे दोन लाखांपर्यंत अपघात कव्हर मिळतं, माणशी १०० रुपयांत. चूक कोणाची हा प्रश्नच त्यात येत नाही. सगळ्या पॉलिसीत मला सगळ्यांत स्वस्त वाटलेली ओळ हीच.

आता मालक-चालक अपघात कव्हर, १५ लाखांचं. ते सक्तीचं आहे, पण अटी वाचा. गाडी तुमच्या नावावर हवी, पॉलिसी तुमच्या नावावर हवी आणि तुमच्याकडे चालू लायसन्स हवं. ज्यांनी लायसन्स सोडून दिलं आहे आणि गाडी ड्रायव्हर चालवतो, त्यांना हे कव्हर लागूच होत नाही. तरीही त्याचे पैसे वर्षानुवर्षं भरणारे लोक मी पाहिले आहेत. दुसरीकडे, ज्यांच्याकडे १५ लाखांची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी आहे त्यांना हे पुन्हा घ्यावं लागत नाही. मात्र त्या वेगळ्या पॉलिसीत वयाची मर्यादा छापलेली आहे का ते बघून मगच इथे 'नको' म्हणा.

आणि हे कव्हर मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. हात, पाय, डोळा गमावणं वगैरे. खुब्याचं हाड मोडून तीन महिने अंथरुणावर पडलात तर यातून दवाखान्याचं बिल मिळत नाही, त्यासाठी आरोग्य विमाच लागतो. स्टिअरिंगवर असताना हृदयविकाराचा झटका आला, तर तो अपघातही धरला जात नाही. नॉमिनीचं नाव तपासा. आमच्या मजल्यावरच्या काकांच्या पॉलिसीत सहा वर्षांपूर्वी गेलेल्या काकूंचंच नाव चालू होतं.

४. क्लेम करायचा की खिशातून द्यायचे: हिशोब आधी, फोन नंतर

वयोमानाप्रमाणे आपल्या हातून होणारे अपघात कोणते? मोठे क्वचित. खांब, कठडा, रिव्हर्स घेताना मागची कुंडी. म्हणजे किरकोळ आणि बहुतेक प्लॅस्टिकचे. आणि प्लॅस्टिक, रबर, बॅटरी यांवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत) कापला जातो. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहाच्या पुढे ५०. काचेला घसारा नाही. शिवाय सक्तीची वजावट (क्लेममधली आपण स्वतः सोसायची रक्कम) असतेच, १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००.

समजा बंपर ६,००० चा आणि मजुरी, रंग ३,०००. बंपरचे निम्मे ३,००० गेले, वजावटीचे १,००० गेले. हातात येणार जास्तीत जास्त ५,०००.

आता दुसरी बाजू. नो क्लेम बोनस वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो. एक क्लेम केला की शून्यावर येतो आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं. पुढच्या पाच वर्षांत मिळून ५०, ३०, २५, १५ आणि ५, म्हणजे १२५ टक्क्यांचं नुकसान. माझ्या ६,००० च्या ओन डॅमेज हप्त्यावर ते ७,५०० होतं, जीएसटी धरून ८,८५०. पाच हजार मिळवायला पावणेनऊ हजार घालवायचे!

हा हिशोब तुमच्या आकड्यांनी एकदा करा आणि तो आकडा पॉलिसीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. त्याच्या आतलं काम असेल तर सरळ गॅरेजवाल्याकडे जा. आणि त्याच्या आतला क्लेम करायचाच नाही असं ठरलं असेल, तर ऐच्छिक वजावट घेऊन हप्ता थोडा खाली आणायला हरकत नाही.

आयडीव्हीबद्दल (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) दोन वाक्यं. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, तर मिळणारी रक्कम आयडीव्हीवरूनच ठरते. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही बोलून ठरते, त्यामुळे स्वस्त कोटेशन दिसलं की आधी त्यातली आयडीव्ही बघा, तिथेच कात्री लागलेली सापडते.

५. ॲड-ऑन (जादा पैसे भरून मिळणारी कव्हर): घ्यायचे ते आणि सोडायचे ते

रोडसाइड असिस्टन्स घ्या, विचार करू नका. पंक्चर झालेलं चाक साठीनंतर स्वतः बदलायचं नाही. माझी कंबर साक्षीला आहे.

झीरो डेप म्हणजे वरचा घसारा न कापणारं कव्हर. गाडी नवी असेल आणि पार्किंग अरुंद असेल तर उपयोगाचं. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांपर्यंतच देतात, काही पुढेही देतात. पण नो क्लेम बोनसचा हिशोब इथेही तसाच राहतो, आणि वर्षाला किती क्लेम चालतील याची मर्यादा असते.

इंजिन प्रोटेक्ट तुम्ही कुठे राहता त्यावर ठरवा. जिथे रस्त्यावर गुडघाभर पाणी तुंबतं तिथे घ्या. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. मारला की इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि साध्या पॉलिसीत तो खर्च बहुधा तुमच्याच माथी येतो.

आपल्या वयाला खरं जुळणारं म्हणजे 'पे ॲज यू ड्राइव्ह', जितकी चालवाल त्या मानाने ओन डॅमेजचा हप्ता. आयआरडीएआयने (विमा नियामकाने) जुलै २०२२ मध्ये अशा ॲड-ऑनना परवानगी दिली. माझी गाडी वर्षाला २,८०० किलोमीटर चालते, त्यातलं निम्मं मुलीला विमानतळावर आणण्या-सोडण्यात. अशांना हप्त्यात फरक पडतो. मात्र किलोमीटरची मर्यादा ओलांडली की ओन डॅमेजचा क्लेम अडू शकतो, म्हणून गणपतीला गाडी घेऊन कोकणात जाणार असाल तर आधी ओडोमीटर बघा आणि किलोमीटर वाढवून घ्या. थर्ड पार्टीला या मर्यादेचा धक्का लागत नाही.

किल्ली हरवण्याचं कव्हर, सामानाचं कव्हर, टायरचं कव्हर. मी घेतलेलं नाही. किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर असते.

गुडघ्याच्या किंवा हातापायाच्या अपंगत्वामुळे गाडीत खास बदल करून घेतले असतील आणि आरटीओने आरसीवर तशी नोंद केली असेल, तर ओन डॅमेजवर ५० टक्के सवलतीची तरतूद विम्याच्या जुन्या दरपत्रकापासून आहे. ही सवलत कोणी आपणहून देत नाही, मागावी लागते. नोंद न करता केलेला बदल मात्र क्लेमच्या वेळी अंगाशी येतो. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचंही तसंच, ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे हवं.

६. तुमच्याशिवाय कोण चालवतं?

पॉलिसी गाडीची असते, त्यामुळे तुमच्या परवानगीने कोणीही चालवलं तरी चालतं, पण त्याच्याकडे त्या दिवशी चालू लायसन्स हवं. आमच्यासारख्यांच्या घरात तीन माणसं येतात.

पहिला, दिवसावारी बोलावलेला ड्रायव्हर. रात्रीचं लग्न, लांबचा प्रवास, डोळ्याचं ऑपरेशन. तो आला की त्याच्या लायसन्सचा मोबाइलवर फोटो घ्या, तारीख वाचा. आणि पॉलिसीत पगारी ड्रायव्हरच्या कायदेशीर जबाबदारीची ५० रुपयांची ओळ आहे का बघा. ती नसते तेव्हा त्याला काही झालं तर तो बोजा तुमच्यावर येऊ शकतो.

दुसरा, सुट्टीवर आलेला परदेशातला मुलगा. त्याचं इथलं लायसन्स कधीचं संपलेलं असतं आणि खिशात तिथलं असतं. नुसत्या तिथल्या लायसन्सवर विसंबू नका, आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट घेऊन यायला सांगा. ते ज्या देशाचं लायसन्स त्याच देशात मिळतं, इथे उतरल्यावर नाही. विमानाचं तिकीट काढतानाच आठवण करा.

तिसरा, शिकाऊ नातू. लर्निंग लायसन्स, पुढे-मागे लाल 'एल' आणि शेजारी चालू लायसन्सवाला माणूस असेल तर पॉलिसीला अडचण नाही. तो शेजारचा माणूस तुम्ही असाल तर पहिला मुद्दा पुन्हा वाचा.

७. रिन्यूअलचे पंधरा दिवस

मुदत संपायच्या महिनाभर आधीपासून फोन सुरू होतात. "सर, तुमचा बोनस अडकलाय, मी विमा नियामकाकडून बोलतोय." आयआरडीएआय कोणालाही पॉलिसी विकायला किंवा बोनस वाटायला फोन करत नाही. असा फोन ठेवून द्या. फोनवर आलेल्या लिंकवर पैसे भरू नका, कंपनीच्या साइटवर किंवा ओळखीच्या एजंटकडे भरा, आणि पैसे कोणा माणसाच्या खात्यात जात नाहीत ना हे बघा. पॉलिसी आल्यावर चारेक दिवसांनी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची तारीख दिसते. बनावट कागद तिथे उघडा पडतो.

नो क्लेम बोनसबद्दल खोटं सांगून नवीन कंपनीत जाऊ नका. कंपन्या एकमेकींकडे तपासतात, आणि ते क्लेमच्या वेळी बाहेर येतं.

एक दिवसाचीही फट पडू देऊ नका. पडली तर कंपनी गाडीची पाहणी मागते, हल्ली मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवावा लागतो. ९० दिवस उलटले तर साठवलेला बोनस गेला. आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढली तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गाडी महिनोन्महिने उभी असेल तरी पॉलिसी चालू ठेवा, उभ्या गाडीवरही झाड पडतं.

८. अपघात झालाच तर

गाडी बाजूला घ्या, कोणी जखमी असेल तर आधी दवाखाना आणि पोलीस. जागेवरचे फोटो काढा. कंपनीला त्याच दिवशी कळवा. सर्वेयर येण्याआधी दुरुस्ती सुरू करू नका. माझ्या एका मित्राने कौतुकाने बंपर आधीच बसवून घेतला आणि जुना भंगारवाल्याला दिला. मग सर्वेयरला दाखवायला काहीच उरलं नाही.

गाडी कोण चालवत होतं, हे खरं सांगा. "काका, मुलाचं नाव लावू, त्याचं लायसन्स आहे," असं मलाही वर्कशॉपमध्ये एकाने हळूच सुचवलं होतं. मुलगा त्या दिवशी नाशिकला होता. खोटा क्लेम पकडला गेला की १८,००० तर जातातच, वर फसवणुकीचं प्रकरण मागे लागतं. या वयात पोलीस ठाण्याच्या बाकावर बसायची हौस मला नव्हती.

क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी). मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांचा निकाल ते देतात. वर्षाच्या आत जावं लागतं. नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

९. गाडी कोणाच्या नावावर ठेवायची?

"सत्तरी झाली, गाडी मुलाच्या नावावर करून टाकू" असं ठरवत असाल, तर नुसत्या आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० वर काम भागत नाही. हस्तांतराच्या तारखेपासून १४ दिवसांच्या आत पॉलिसीही त्याच्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर ओन डॅमेजचा क्लेम लटकतो. तुमचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर त्याला मिळत नाही. तो तुमचा असतो. गाडी विकली तर कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या, तीन वर्षांत दुसरी गाडी घेतलीत तर तिला लागू होतं.

मालक वारल्यावर मात्र नियम वेगळा. पॉलिसी लगेच बंद पडत नाही, तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालते. तेवढ्या काळात वारसाने मृत्यूचा दाखला आणि कागद देऊन ती आपल्या नावावर करायची. आरटीओकडे फॉर्म ३१. आणि इथे पतीचा बोनस पत्नीला, वडिलांचा मुलांना मिळतो, जर गाडी त्यांच्याकडे वापरात राहिली तर. तेराव्याच्या गडबडीत हे कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून आत्ताच घरात सांगून ठेवा.

१०. एक फाइल, एकाच जागी

- आरसी, चालू पॉलिसी आणि मागच्या वर्षीची पॉलिसी (बोनसचा पुरावा)
- पीयूसी
- लायसन्सची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, ड्रायव्हर येत असेल तर त्याचीही
- फॉर्म १-अ ची प्रत आणि चष्म्याचा शेवटचा नंबर
- नॉमिनीचं नाव, आधार आणि बँकेचा रद्द चेक
- सीएनजी किट किंवा गाडीतल्या बदलांची आरटीओ नोंद
- गाडीची दुसरी किल्ली कुठे आहे त्याची चिठ्ठी (चोरीच्या क्लेमला दोन्ही किल्ल्या मागतात)

पॉलिसी नंबर आणि कंपनीचा हेल्पलाइन नंबर मी जाड स्केचपेनने कार्डावर लिहून ग्लोव्हबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. अक्षरं इंचभर उंच आहेत, कारण वाचायचा चष्मा नेमका तेव्हा घरी राहिलेला असतो. त्याच्याखाली लाल रंगात: लायसन्स, नोव्हेंबर २०२९.